राजकन्येनं सूपची वाटी पालथी घातली

भुताखेतांच्या गोष्टी मी चवीनं वाचतो, पण त्या स्वतःच्या म्हणून सांगणाऱ्या माणसाशेजारी जेवायला बसायची माझी तयारी नसते. तुमच्या या सदरातले वाचकांचे अनुभवसुद्धा इतकी वर्षं वाचले ते चुका काढायला. अमावस्येच्या रात्री लख्ख चांदणं पडलेलं असतं, ओसाड बंगल्यात लाइट मात्र चालू असते... वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी भुतांचं ऑडिट करतो. देव, भूत आणि मंडळाचे अध्यक्ष यांच्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. तरी लिहितोय. जे घडलं ते मला कुठे ठेवायचं तेच कळत नाहीये.

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या रीडिंगला राहतो. मूळचे नागपूरचे. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे कायमची राहायला आली. तेव्हा व्हिसाचे नियम अजून माणसांसाठी होते. मागच्या हिवाळ्यात तिला मोठा स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली होती आणि तिच्यातून फिकट पिवळं काहीतरी चोवीस तास ठिबकत असायचं. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांना गरम गरम पोळ्या वाढल्या, तिचं जेवण आता एका स्टँडला टांगलेलं होतं. डोळे उघडे असायचे. ते माझ्याकडे बघायचे की माझ्यामागच्या भिंतीकडे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सुधारणा होईल असं त्यांना वाटत नव्हतं. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. मग पोटातून कायमची नळी बसवायची, की काहीही न करता तिला शांतपणे जाऊ द्यायचं? आमच्या कन्सल्टंट बाई वेल्सच्या, बोलायला अतिशय मऊ. त्या म्हणाल्या, "तुम्ही निर्णय घ्या असं मी म्हणत नाही. फक्त एवढं सांगा — त्यांना बोलता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?"

मला माहीत नव्हतं. साठीला आलेला मुलगा, इतकी वर्षं एका घरात राहिलेलो, आणि मला माहीत नव्हतं. रोज ऑफिसातून परतताना पॅडिंग्टनच्या ट्रेनमध्ये मी ठरवायचो की आज तिला नीट विचारायचं. पलंगाशी बसून विचारायचोसुद्धा. "आई, नळी बसवू का? नको असेल तर डोळे मिट." ती डोळे मिटायची. मग मी म्हणायचो, "हवी असेल तर डोळे मिट." ती परत मिटायची.

धाकटी बहीण मंजू नागपुरात असते. तिच्या व्हिसाचा अर्ज अडकला होता. तिचं मत पक्कं होतं.

"दादा, काय बोलून राहिला तू? उपाशी मारतो का आईला?"

"तसं नाही गं. तिला काय हवंय ते—"

"तिला विचारून कधी काही मिळालं आहे का? पंगतीत बसली की पहिले नकोच म्हणायची. दुसऱ्यांदा हातानं पान झाकायची. तिसऱ्यांदा वाढणारा म्हणाला की 'आता माझी शपथ आहे', की मग घेतली जिलबी! आणि खाल्ली ना चांगली दोन! आईच्या नकोला नको समजायचं नसते. तुमच्या त्या गोऱ्या डॉक्टरला काय समजते?"

खरंच होतं ते. आमच्यात पहिल्या नकाराला अर्थ नसतो. पाहुण्यानं पटकन हो म्हटलं तर तो हावरा, आणि यजमानानं पहिलं नको ऐकलं तर तो कंजूष. आता हे एका ब्रिटिश हॉस्पिटलला कसं समजावून सांगायचं? तिथे माणूस चहाला "नो, थँक यू" म्हणाला की विषय संपतो.

याच सुमारास इथल्या मराठी मंडळाचं नाटक बसत होतं. रौप्यमहोत्सव होता, म्हणून अध्यक्ष सुहास यांनी एक जुनं गाजलेलं विनोदी नाटक नव्यानं रंगमंचावर आणायचं जाहीर केलं. नाव देत नाही. मंडळातली माणसं ओळखू येतील आणि त्यांच्यात एक सॉलिसिटर आहे. गोष्ट अशी: संस्थानात मोठे साहेब येणार असतात, ऐनवेळी राजकन्या पळून जाते, आणि दिवाण घरातल्या मोलकरणीलाच तिच्या जागी उभं करायचं ठरवतो. तिला चालायला, बोलायला, काट्या-चमच्यानं खायला शिकवतो. सगळे फसतात. शेवटी मोलकरीण परत चुलीकडे जायला तयार होत नाही, तिथे पडदा. माणसाचा दर्जा कपड्यांत आणि बोलण्यात असतो, त्याखाली काही नसतं, अशी थट्टा. आमच्या मंडळात माणसाचा दर्जा मुलांच्या शाळेच्या कॅचमेंटवरून, म्हणजे घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं त्यावरून ठरतो, त्यामुळे नाटकाची निवड धाडसी होती. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. राणीसरकारांच्या भूमिकेसाठी रांग लागली आणि मोलकरणीसाठी एकही बाई पुढे येईना. दिग्दर्शन सुहासचं, दिवाणाची भूमिकाही सुहासची, आणि ब्रोशरवर फोटोही सुहासचा. मंडळात लोकशाही आहे, आणि ती सुहासला फार आवडते.

मोलकरीण झाली रिया. वय तेवीस, जन्म कार्डिफचा, आईवडील पुण्याचे. नोकरीसाठी ती नुकतीच रीडिंगला राहायला आली होती. गोड मुलगी, पण मराठी म्हणजे... तिचे सगळे संवाद रोमन लिपीत लिहून दिले होते आणि तिनं ते गाण्यासारखे पाठ केले होते. गंमत म्हणजे लोकांना तिची मोलकरीण खोटी वाटायची आणि राजकन्या खरी. तिला मराठीत ऐनवेळी चार शब्द सुचणं म्हणजे मला ऐनवेळी बॅले सुचण्यासारखं.

मी प्रॉम्प्टर होतो. वैशालीनंच ढकललं होतं मला. "हॉस्पिटल, ऑफिस, हॉस्पिटल... वेडा होशील श्रीकांत. जा, कुणालातरी त्यांची वाक्यं सांग." तिनं पटकन जीभ चावली. जिचं वाक्य मला हवं होतं, तिचं पुस्तक माझ्याकडे नव्हतं.

प्रयोग रविवारी दुपारी, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. नटराजाच्या पूजेला उदबत्ती लावायची नाही, स्मोक डिटेक्टर वाजतो, म्हणून बॅटरीची पणती. नारळ कार पार्कमध्ये फोडायचा, चमकणारं हाय-विझ जॅकेट घालून. मग शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे. ते कौन्सिलर, म्हणजे इथले नगरसेवक होते; त्यांना शाल खांद्यावर घ्यायची की हातात हे कळेना, म्हणून त्यांनी ती गुडघ्यांवर घेतली. सुहासचं भाषण नाटकाच्या पहिल्या अंकाएवढं झालं. मग तिसरी घंटा.

मी डावीकडच्या विंगेत स्टुलावर बसलो होतो, मांडीवर पुस्तक, त्यावर छोटा दिवा. हे मुद्दाम सांगतो. पुढे जे सांगणार आहे त्या क्षणी मी काही डुलकी घेत नव्हतो. प्रत्येक ओळीखाली माझं बोट होतं.

दुसऱ्या अंकात जेवणाचा प्रवेश आहे. दिवाण मोलकरणीला सूप प्यायला शिकवतो. तिला सपाटून भूक लागलेली असते, तिला ते फार आवडतं, आणि ती दर वेळी "अजून हाय का?" म्हणते. दिवाण वाढतो, शिकवतो, वाढतो. शेवटी ती सूपची वाटी तोंडाला लावून घटाघट पिते आणि ढेकर देते. टाळ्या. तालमीत ढेकर रियाला सर्वांत उत्तम जमायचा.

सुहास वाढत होता. रिया पीत होती. हशे बरोबर जागेवर येत होते. मग सुहास म्हणाला, "घ्या राजकन्या, अजून घ्या." माझं बोट "अजून हाय का?" वर होतं.

रियानं चमचा खाली ठेवला. आवाज न करता, ताटाच्या उजव्या बाजूला. वाटी जवळ ओढली. तिच्या कडेवरून करंगळी फिरवली, अगदी सावकाश, पूर्ण गोल. मग वाटी उचलून ताटात पालथी घातली आणि वर तळहात ठेवला.

माझं बोट ओळीवरून घसरलं.

आई पंगतीत शंभरदा नको म्हणायची, ते सगळं खोटं. पण घरी, कधीतरी, तिला खरोखर नको असायचं. तेव्हा ती काही बोलायची नाही. वाटीच्या कडेवरून करंगळी फिरवायची, वाटी पालथी घालायची आणि वर हात ठेवायची. भरल्या घरात ताटात पालथी वाटी बरी दिसत नाही म्हणून आत्या तिला टोचून बोलायची. आईनं ती सवय सोडली नाही. वाटी पालथी पडली की बाबासुद्धा तिला वाढायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्या बाईला मी असं करताना कधी पाहिलेलं नाही.

रिया सुहासकडे बघत नव्हती. विंगेतही बघत नव्हती. समोर, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून कुठेतरी. आणि ती म्हणाली —

"पुरे ना रे बाबू आता. किती आग्रह करशील?"

स्वच्छ. अस्सल नागपुरी हेल. त्यात कार्डिफ नव्हतं, पुणं नव्हतं, पाठ केलेलं गाणं नव्हतं.

हॉल हशानं कोसळला. मोलकरीण दिवाणसाहेबांना अरे-तुरे करते! बाबू म्हणते! लोक खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत होते. कौन्सिलरांना काही कळलं नव्हतं, तेही हसत होते. सुहास दचकला, पण सावरला. "राजकन्येचं पोट भरलं वाटतं!" म्हणाला. पुन्हा हशा. नाटक पुढे गेलं.

बाबू मी आहे. मला या नावानं फक्त आई हाक मारायची, तीही चार भिंतींच्या आत. मंजूला माहीत आहे, वैशालीला माहीत आहे. चारचौघांत मी नेहमीच श्रीकांत.

इंटरव्हलमध्ये मी रियाला गाठलं. ती टिश्यूनं ओठ पुसत होती.

"काका, burp बरोबर होती ना? Everyone was laughing so much!"

"रिया, वाटी तू पालथी का घातलीस?"

"कुठली वाटी?"

"सूपची."

"मी पिला ना सूप, काका. Like always." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "Are you okay? तुम्ही बसा ना जरा."

ती खोटं बोलत नव्हती. तेवढं मला कळतं. सुहासला विचारलं तर तो म्हणाला, "पोरगी ब्लँक झाली रे, मी सांभाळून घेतलं. बघितलंस ना?" व्हिडिओचं म्हणाल तर मंडळाचा कॅमेरामन नेमका तेव्हा प्रमुख पाहुणे कसे हसतात ते टिपत होता. शालीसकट. आवाजात फक्त हशा आहे. त्याखाली काय आहे ते कितीही वेळा लावलं तरी ऐकू येत नाही.

वैशाली तिसऱ्या रांगेत होती. कार पार्कमध्ये आम्ही गाडीत बसलो, मी किल्ली फिरवली नाही.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं."

"वाटी?"

"श्रीकांत, मी आईंबरोबर इतकी वर्षं जेवलेय." ती रडायला लागली. "तू तिला काही सांगितलं होतंस का? रियाला? चुकून? तालमीत?"

"काय सांगणार? माझी आई वाटी कशी ठेवते ते?"

आम्ही तिथून सरळ हॉस्पिटलला गेलो. तुम्हाला आता वाटेल की तिथे काहीतरी घडलं असेल. मलाही वाटलं होतं. आई सकाळी होती तशीच होती. पिवळं ठिबकत होतं. नर्स म्हणाली, दुपार शांत गेली. मी आईचा डावा हात हातात घेऊन विचारलं, "आई, तू होतीस का?" तिनं डोळे मिटले. मग मी विचारलं, "तू नव्हतीस ना?" तिनं डोळे मिटले.

त्याच आठवड्यात मीटिंग होती. छोटी खोली, टेबलावर टिश्यूंचा डबा आधीच मांडलेला. त्याला टेकवून मी फोन उभा केला, फोनमध्ये मंजू. कन्सल्टंट बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला: त्या काय म्हणाल्या असत्या?

मी म्हणालो, मला माहीत नाही. मंजू म्हणाली, "सांग ना त्यांना दादा, आईला जगायचं आहे म्हणून!" आणि मग, डॉक्टर समोर बसलेल्या असताना, मी मंजूला मराठीत सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलेलं नव्हतं. मला वाटलं ती चिडेल. म्हणेल, नाटकं करून राहिला तू. पण तिचा चेहरा स्क्रीनजवळ आला. मग एकेक करून विचारायला लागली.

"करंगळी फिरवली?"

"हो."

"पूर्ण? गोल?"

"हो."

"अन् पालथी घातल्यावर हात ठेवला वर?"

"ठेवला."

"...बाबू म्हणाली?"

"हो, मंजू."

तिनं पदरानं तोंड दाबलं. माझी बहीण गुरुवार करते, अंगारे लावते, तिच्या घरात तीन बाबांचे फोटो आहेत. त्यावरून मी तिची आयुष्यभर थट्टा केली. तिनं डोळे पुसले आणि स्वतःच डॉक्टरांशी इंग्रजीत बोलली. "डॉक्टर, नो ट्यूब. माय मदर हॅज सेड नो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्या म्हणाल्या? कधी?"

मला त्यांना सांगता आलं असतं. किंवा म्हणता आलं असतं की थांबा, हे खरं धरू नका, मी प्रॉम्प्टर होतो, थकलेलो होतो. मी फक्त एवढंच म्हणालो, "माझ्या बहिणीला खात्री आहे."

मला होती का, हे त्यांनी विचारलं नाही. सभ्य माणसं.

नळी काढली. आई काही दिवसांनी, वसंत ऋतूतल्या एका उजेड असलेल्या सकाळी गेली. तिचा चेहरा शांत होता असं सगळे म्हणाले; चेहऱ्यांबद्दल असंच म्हणतात. अंत्यविधी मंजूनं नागपुरात लॅपटॉपवर पाहिला. तिला व्हिसा मिळाला तो त्यानंतर.

ती उन्हाळ्यात आली. मला वाटलं होतं ती कोसळेल, पण ती माझ्यापेक्षा कितीतरी बरी होती. नागपुरात सगळ्यांना सांगून आली होती की आईनं स्वतःच सांगितलं, मग कसलं दुःख करायचं! तिच्याकडे ते होतं, जे माझ्याकडे नव्हतं. आणि ते तिला माझ्याच तोंडून मिळालं होतं. ज्याचा स्वतःचा विश्वास नाही अशा साक्षीदाराकडून.

नाटकाचा दुसरा प्रयोग कार्डिफला होता, तिथल्या मराठी लोकांसाठी. मंजू म्हणाली, मी येणार. मी म्हणालो, काय करतेस येऊन, जुनं नाटक आहे, सुहास आहे त्यात. ती म्हणाली, "दादा, ऐन वेळेला मी नव्हती. आता तरी राहू दे." आईची मोरपंखी साडी नेसली आणि पहिल्या रांगेत, मधोमध, जाऊन बसली.

मी विंगेत होतो. जेवणाचा प्रवेश सुरू झाला तेव्हा पुस्तकाकडे पाहिलंच नाही. मंजूकडे पाहत होतो. स्टेजच्या उजेडात तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. पुढे झुकलेली, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या ऑफिसात आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत बसावं तशी. आजूबाजूला लोक हसत होते. ती हसत नव्हती.

"घ्या राजकन्या, अजून घ्या."

"अजून हाय का?" रिया म्हणाली. अगदी कार्डिफच्या उच्चारात.

सुहासनं वाढलं. रियानं वाटी दोन्ही हातांनी उचलली तेव्हा मंजू खुर्चीतून अर्धी उठली. रियानं वाटी तोंडाला लावली, घटाघट प्यायली, आणि ढेकर दिला. हॉल दणाणला. मंजू तशीच अर्धवट उभी होती. मागचं कुणीतरी तिला "बसा ना हो" म्हणालं, तेव्हा बसली.

परतताना मोटरवेवर ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. वैशाली मागे झोपली होती.

"दादा, खरंच झालं होतं ना ते?"

"झालं होतं."

"तुझी शपथ?"

"माझी शपथ."

"मग तुला बोलली," मंजू म्हणाली. "मला का नाही बोलली?"

जे घडलं त्यासाठी मी आजवर बरेच तर्क लढवले आहेत. योगायोग. ताण. रियाच्या आजूबाजूला कुणी नागपूरचं असेल. चौकशी केली, कुणी निघालं नाही. माझ्या आणि वैशालीच्या मनानं मिळून रचलेला भास. पण मग सगळा हॉल कशाला हसला? एकही तर्क शेवटपर्यंत टिकत नाही. पण वाईट त्याचं वाटत नाही. एखादा टिकला असता तरी ते मंजूच्या प्रश्नाचं उत्तर झालं नसतं. त्या दिवशी मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. मोटरवेवरच्या पुढच्या थांब्याला, सर्व्हिसेसला, थांबून तिला चहा आणून दिला. तिनं तो धरला, प्यायली नाही.

मंजू नागपूरला परत गेली. आधी फोनवर निम्मा वेळ आईचा विषय असायचा, आता तो निघत नाही. ती विचारते, तुमच्याकडे पाऊस आहे का. मी सांगतो, आहे.